पोचल्यावर दोन रिंग

"दाराबाहेर आलात की आधी थांबा."

एवढं बोलून बाई उजवा हात वर करायच्या. पंजा सरळ समोरच्याच्या नाकापुढे. समोर निवृत्त बँक मॅनेजर असो की हनिमूनला निघालेलं जोडपं, तो हात बघून माणूस खुर्चीत आपोआप ताठ बसायचा.

"थांबा आणि वीस आकडे मोजा. मनात मोजा, लोक बघतात. मग मान वर करा आणि बघा कुठे आलोय ते."

आमचं ऑफिस अंधेरीला, जे. बी. नगर मेट्रो स्टेशनपासून सात मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. विमानतळ इतका जवळ की बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून आधी विमान जाऊ द्यावं लागतं. परदेशी सहली, तिकिटं, व्हिसा हे आमचं काम. साहेब गिऱ्हाइकं आणायचे, मी तिकिटं आणि व्हिसा बघायचे, आणि बाई बघायच्या ते विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या खोलीपर्यंतचं. मधला एवढाच तुकडा. पण त्या तुकड्यावर त्यांचं असं काही राज्य होतं की साहेबसुद्धा त्यात तोंड घालत नसत.

आणि गंमत अशी की बाईंकडे स्वतःचा पासपोर्ट नव्हता. दहिसरहून मेट्रोने यायच्या, मेट्रोने जायच्या. नेसायला कडक इस्त्रीची साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. विमान त्यांनी पाहिलं होतं ते आमच्या खिडकीतून.

मी नवी होते तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटायचं. माझी जीभ पहिल्यापासून जरा सैलच. मी एकदा सरळ म्हटलं, "बाई, आता प्रत्येकाच्या फोनमध्ये नकाशा असतो. तुमची चिठ्ठी कोण वाचणार?"

"नकाशा झकास असतो गो," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तो रस्ता दाखवतो. घाबरलेल्या माणसाला रस्ता दिसतच नाही."

मग त्यांनी मला त्यांचं शास्त्र सांगितलं. विमानात हरवलेला माणूस त्यांनी अजून बघितला नव्हता. तिथे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात. उतरल्यावरही पुढच्याच्या मागे चालत राहिलं की झालं. पण शेवटचं काचेचं दार उघडतं आणि इतका वेळ सोबत असलेली तीनशे माणसं दहा मिनिटांत आपापल्या घरी निघून जातात. "तिथे माणूस पहिल्यांदा एकटा पडतो," बाई म्हणायच्या. "आणि नेमका तिथेच जो तो त्याला 'टॅक्सी, टॅक्सी' करून ओढतो. म्हणून लक्षात ठेवायचं, जो आपल्याकडे येतो तो आपला नव्हे. आपण ज्याच्याकडे जातो तो आपला."

बाईंची चिठ्ठी म्हणजे पोस्टकार्डाएवढा जाड कागद. त्यावर टपोऱ्या अक्षरात सात-आठ ओळी. दार कुठलं, किती मजले खाली, रांग कुठली, हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत. बँकॉकच्या चिठ्ठीवर ती थाई अक्षरं बाई हाताने काढायच्या, रांगोळीचे ठिपके जोडावेत तशा, जीभ दातांत धरून. मागच्या बाजूला एकच मथळा असायचा : 'नावाची पाटी घेऊन येणारा आला नाही तर'. आणि अगदी शेवटी बाईंचा मोबाइल नंबर आणि ही ओळ : 'खोलीत पोचल्यावर दोन रिंग द्या. मी उचलणार नाही. बाई.'

उचलायच्या नाहीतच. फोन टेबलावर पालथा कधी ठेवला नाही. दोन वेळा वाजून थांबला की चष्मा लावून नंबर बघायचा आणि पर्समधल्या छोट्या वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण करायची. माणसं वेळी-अवेळी पोचायची, म्हणून ती वही रोज दहिसरला जायची आणि सकाळी परत यायची.

आता तुम्ही विचाराल, जी बाई कधी कुठे गेली नाही तिला हे सगळं कळत कसं होतं. तर परत आलेल्या माणसाकडून. लोक यायचे चॉकलेटचे डबे आणि आठशे फोटो घेऊन. बाई डबा बाजूला ठेवायच्या आणि उलटतपासणी सुरू करायच्या. "बर्फ राहू दे हो. दारातून बाहेर आलात, उजवीकडे काय होतं?" बिचारा स्वित्झर्लंडहून आलेला माणूस आठवून आठवून सांगायचा की उजवीकडे बहुतेक ट्रॉल्या होत्या. "बहुतेक?" बाई विचारायच्या, आणि तो माणूस घरी जाऊन बायकोला विचारून फोन करायचा. असं एकेक पान करत बाईंनी एक जाड वही भरली होती. ती ऑफिसात राहायची आणि तिच्यात जगभरचे विमानतळ होते.

पहिल्यांदाच जाणाऱ्याची बाई तालीम घ्यायच्या. ऑफिसात एक जुनी बॅग होती, एक चाक बिघडलेली. मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. ती बॅग घेऊन गिऱ्हाइकाला मेट्रो स्टेशनवर न्यायचं, त्याचा फोन काढून घ्यायचा, हातात फक्त चिठ्ठी द्यायची आणि सांगायचं, आता ऑफिसात या. अट एकच, मराठी-हिंदी बोलायचं नाही. विचारायचं तर फक्त वर्दीवाल्याला किंवा काउंटरमागे बसलेल्याला. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनाही हे माहीत झालं होतं. मुलुंडचे एक निवृत्त अधिकारी उन्हाला कंटाळून एका रिक्षावाल्याला मराठीत विचारायला गेले, तर तो म्हणाला, "नो मराठी, साहेब. बाई ओरडेल."

ते अधिकारी रागारागाने ऑफिसात आले, बॅग आपटली आणि म्हणाले, "काय चाललंय काय हे?" बाईंनी त्यांना पाणी दिलं. "हा राग इथेच संपवून जा. तिथे कोणावर काढणार?" पुढे ते व्हिएन्नाहून परत आले तेव्हा बाईंसाठी एक शिट्टी घेऊन आले. कशासाठी ते मला कळलं नाही, पण बाईंनी ती जपून ठेवली.

बाई चुकल्याच नाहीत असं मात्र नाही. बोरिवलीचे एक मास्तर आणि त्यांच्या पत्नी इस्तंबूलला गेले. आधीच्या गिऱ्हाइकाने दिलेल्या माहितीवरून बाईंनी लिहिलं होतं : 'ट्रामच्या स्टॉपवर कणीसवाला आहे. त्याच्याकडे पाठ करून डावीकडे.' आपण मुंबईत रस्ता असाच सांगतो की नाही? वडापाववाल्यापासून आत, इस्त्रीवाल्यापासून उजवीकडे. पण त्या दिवशी त्या कणीसवाल्याने गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. मास्तरांनी त्याच्याकडे पाठ केली, डावीकडे वळले आणि हॉटेलच्या बरोबर उलट्या दिशेला दीड तास बॅगा ओढत राहिले. मास्तरांच्या पत्नीचा पाय सुजला.

ते परत आल्यावर बाई रविवारी मालवणी खाजं घेऊन त्यांच्या घरी माफी मागायला गेल्या. मलाही नेलं. मास्तर हसत म्हणाले, "अहो बाई, वाट चुकली, पण कणीस फार छान होतं." बाई हसल्या नाहीत. सोमवारी त्यांनी जाड वही उघडली आणि त्यातले सगळे फेरीवाले, फुलवाल्या, लाल छत्र्या खोडून काढल्या. रोमच्या पानावर तर एक झोपलेला कुत्रासुद्धा होता. "हलणारी खूण लिहायची नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझीच. मला तर हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं."

मी विचारलं, तुम्हालाच का? तेव्हा डबा खाता खाता त्यांनी सांगितलं. एरवी आमच्याशी मुंबईचं बोलणाऱ्या बाई त्या दिवशी गावच्या बोलीत गेल्या.

"माझो पयलो परदेस म्हणजे बोरिवली."

लग्नानंतर तीन महिन्यांनी त्या मालवणहून एकट्याच एसटीने आल्या होत्या. वय एकोणीस. नवरा मिलमध्ये. त्याने पत्रात लिहिलं होतं, बोरिवलीला उतर, पानवाल्याजवळ उभी राहा, मी येतो. त्या उतरल्या. नेमका त्या दिवशी पानवाल्याने दुकान उघडलंच नव्हतं. बंद फळीकडे बघून त्यांना कळेना, हेच ते दुकान की दुसरं. आणि नवऱ्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून नवरा मिलमध्येच अडकलेला. पाच तास त्या ट्रंकेवर बसून होत्या. लघवीला जायचं तर ट्रंक कोणाकडे द्यायची, एवढ्या साध्या गोष्टीने रडू येत होतं.

"मग आले तेव्हा काय म्हणाले?"

"काय म्हणतलो? 'इलंस?' म्हणालो." आलीस? एवढंच. बाई ते सांगताना इतक्या हसल्या की ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वायट नाय तो. घाबरलेलो. पण मी तेवाच ठरवलंय गो, आपल्याक विचारून निघालेलो मनुष्य असो उभो ऱ्हवता नये."

त्या दिवसानंतर मी त्यांच्या चिठ्ठ्यांना हसले नाही.

मग वर्सोव्याच्या मावशी आल्या. कोळीवाड्यातल्या, पन्नाशीच्या, मासळी विकणाऱ्या. त्यांचा मुलगा बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होता. बोट सिंगापूरच्या बाजूला असताना त्याच्या पोटात काहीतरी फुटलं, त्याला तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि ऑपरेशन केलं. बोट पुढे निघून गेली. कंपनीने आईसाठी तिकीट, हॉटेल आणि विमानतळावर गाडी अशी सगळी सोय केली होती. आमच्याकडे फक्त कागदपत्रांचं काम होतं.

"बाई, यांना चिठ्ठी नको," साहेब म्हणाले. "पाटी घेऊन माणूस येणारे."

बाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मावशींसमोर खुर्ची ओढली.

"बाय, मना इंग्लिश येत नाय," मावशी म्हणाल्या. हातातला रुमाल त्यांनी पिळून दोरीसारखा केला होता. "माजा पोर तिथं यकटा हाय."

"म्हणून तर तुम्ही जाताय, ताई. आता रडायचं नाही. वीसपर्यंत मोजता येतं?"

"हजारपर्यंत येतं. मासली विकते मी."

"मग झालं तर."

त्या दुपारी तीनदा तालीम झाली. पहिल्यांदा मावशी घाबरून मेट्रोच्या जिन्यातच बसल्या. दुसऱ्यांदा भलत्याच इमारतीत शिरल्या. तिसऱ्यांदा त्या चिठ्ठी हातात धरून, ती बिघडलेली बॅग माशांची पाटी असल्यासारखी सरळ डोक्यावर घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या आता नको. दोन रिंग आल्या की."

विमान तिथल्या दुपारी उतरणार होतं. सगळा हिशेब धरून बाईंनी सांगितलं, आपल्याकडे एक वाजेपर्यंत रिंग यायला हवी. एक वाजला. दोन वाजले. बाईंनी डबा उघडला नाही. अडीच वाजता मी कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, ड्रायव्हरला भलतीच वेळ कळली होती, तो पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. हॉटेलला फोन केला. त्यांच्याकडे अशी कोणी बाई आलेली नव्हती.

साहेब येरझाऱ्या घालायला लागले. मी बाईंकडे बघितलं. त्या फोनकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेले तर त्या आकडे मोजत होत्या.

साडेतीनला फोन वाजला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. वाजतच राहिला. बाईंनी पहिल्यांदा आणि शेवटच्या वेळी नियम मोडला आणि उचलला.

"बाय," पलीकडून मावशी ओरडत होत्या, तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "पोर बरा हाय! जेवला!"

पाटीवाला दिसला नाही तेव्हा मावशी एका खांबाजवळ उभ्या राहिल्या होत्या, कारण खांब हलत नाही. एकदा वीस मोजले, मग बरेच वेळा वीस मोजले, मग चिठ्ठी उलटी केली. मागे लिहिलं होतं तशा रांगेत उभ्या राहिल्या. पण टॅक्सीत बसल्यावर त्यांनी बाईंनी दिलेला हॉटेलचा पत्ता दाखवलाच नाही. पर्समधून इस्पितळाचा कागद काढला आणि तो दाखवला. आधी पोरगा, मग खोली. फोन लावायची आठवण इस्पितळातल्या एका नर्सने करून दिली, चिठ्ठीवरचा नंबर बघून.

"आणि मी इथे काय समजायचं?" बाई त्यांच्यावर कडाडल्या. "हॉटेल लिहिलं होतं ना? हॉटेल!" मग फोन ठेवला, वहीत खूण केली आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. थोड्या वेळाने डोकं वर करून म्हणाल्या, "चिठ्ठीत चूक होती. आईला हॉटेलचा पत्ता कोण देतं?"

महिन्याभराने मावशी मुलाला घेऊन आल्या. सोबत सुके बोंबील. आठवडाभर ऑफिसला वास येत होता आणि साहेबांनी हूं की चूं केलं नाही.

मी बाईंना कितीदा म्हटलं, पासपोर्ट काढा, एकदा जाऊन या. साहेब तिकीट द्यायला तयार होते. बाई हसायच्या. "मी गेले तर रिंग कोणाला देऊ?"

"मला द्या की."

"तू उचलशील," त्या म्हणायच्या. "तुला धीर नाही."

गेल्या दिवाळीनंतर काविळीचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत बाई गेल्या. ऑफिसात त्यांची खुर्ची तशीच होती आणि काम तर थांबत नाही. मी जाड वही उघडली आणि चिठ्ठ्या करायला लागले. माझं अक्षर घाणेरडं, म्हणून बाईंच्याच जुन्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून हॉटेलांचे पत्ते तेवढे बदलायचे.

पाच महिन्यांनी दुबईहून परतलेलं एक नवं गिऱ्हाईक मला म्हणालं, "मॅडम, पोचल्यावर बाईंना दोन रिंग दिल्या हां. मिळाल्या ना त्यांना?"

शेवटची ओळ मी बदललीच नव्हती. पाच महिने माणसं जगभरातून बाईंच्या घरी रिंग देत होती. एकट्या राहिलेल्या त्यांच्या नवऱ्याच्या उशाशी तो फोन वाजत असेल. मला इतकी लाज वाटली की रविवार उजाडेपर्यंत झोप लागली नाही.

दहिसरला नदीच्या बाजूला त्यांची चाळ पाडून आता टॉवर झालाय. सातव्या मजल्यावर काकांनी दार उघडलं. बारीक अंगाचे, बंडी-लेंगा घातलेले.

"इलंस?" ते म्हणाले. "बस."

खिडकीजवळ स्टीलच्या डब्यावर बाईंचा फोन चार्जिंगला लावला होता, उताणा. शेजारी ती छोटी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. मी बसायच्या आतच बोलायला सुरुवात केली. "काका, चुकलं माझं. तुम्हाला किती त्रास झाला असेल. उद्याच्या उद्या तो नंबर काढते मी."

काकांनी उजवा हात वर केला. पंजा सरळ माझ्या नाकापुढे.

"थांब," ते म्हणाले. "काढू नको."

त्यांनी वही माझ्या हातात दिली. बाईंच्या टपोऱ्या अक्षरातली नावं एका पानावर संपत होती. त्यापुढे थरथरत्या अक्षरात तारीख आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द होता. कोणतरी. कोणतरी. कोणतरी. प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

"नावा माका म्हायत नाय," काका म्हणाले. "पण पोचले सगळे." मग त्यांनी डब्यावरचा फोन नीट सरळ केला. "त्या दिवशी माका पाच तास उशीर झालो गो. ती कधी बोलली नाय. आता मी वेळेवर आसतंय."

काका चहा ठेवायला आत गेले आणि तेवढ्यात फोन वाजला. माझा हात सवयीने पुढे गेला, मी तो मांडीखाली दाबून धरला. एक रिंग. दोन रिंग. बंद.

काका आतून लगबगीने आले, चष्मा लावला, नंबर बघितला आणि वहीत तारीख घातली. "पोचलो कोणतरी," ते पुटपुटले आणि 'को' लिहून थांबले. मग माझ्याकडे बघून त्यांनी पेन तसंच हातात धरलं.

"नाव काय त्याचा?"

मी माझ्या फोनमध्ये बघितलं. त्या दिवशी आमचं एकच माणूस उतरणार होतं. घाटकोपरच्या एक आजी, सिडनीला, पहिल्यांदाच, एकट्या. मी त्यांचं पूर्ण नाव सांगितलं. काकांनी 'को' खोडला आणि ते नाव सावकाश, बाईंसारख्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं.